पुढं काठी, मागं पालखी

"ही छोटी द्या," मी म्हणालो, आणि दुकानदार ती कागदात गुंडाळायलाही लागला.

"थांब," इस्माईलभाई म्हणाले. "ती लांबडी काढा."

कराडच्या स्टँडमागं टेप, हॉर्न, गाडीचे दिवे असलं काय काय विकणारं ते दुकान. डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. खांबांचे अवाढव्य तुकडे ट्रेलरवर लादून वर न्यायचे, ट्रेलरच्या पुढं माझी जीप. वळण आलं, समोरून एसटी आली, की मी मागं कळवायचं. पण खोऱ्यात शिरलं की मोबाइल म्हणजे खिशातला दगड. म्हणून शेठनी दोन वायरलेस सेट आणले, सीबी म्हणतात त्याला. एक माझ्या जीपला, एक ट्रेलरला. जीपच्या सेटला अँटेना तेवढी नव्हती, ती पसंत करायला आम्ही दोघं आलो होतो.

जीप मी नुकतीच रंगवून घेतली होती. तिच्यावर ती हातभर लांबीची, काळी, बुडाशी स्प्रिंगवाली अँटेना काय शोभली असती! आणि दुकानदारानं काढलेली दुसरी म्हणजे माझ्यापेक्षा उंच पोलादी छडी. हातात धरली तरी डुलायची. मी म्हटलं, ही लावून निघालो तर लोकांना वाटंल, जीपच्या टपावर कुणीतरी मासे धरायला बसलंय. शिवाय झाडाच्या फांद्या आहेत, गावातली पोरं आहेत, ओढून ओढून मोडतील. दुकानदार म्हणाला, लांबडीचा आवाज लांब जातो, मधे टेकाड आलं तरी पोचतो. इस्माईलभाईंनी ती छडी एकदा झुलवून बघितली आणि पिशवीतून पैसे काढले.

"आवाज ही एक गोष्ट झाली," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "दुसरी यार्डात सांगतो."

इस्माईलभाई मुजावर मिरजेचे. ट्रेलर त्यांच्या हातात. बोलणं बेताचं, आणि जे बोलायचे ते एकदाच. यार्डात आल्यावर त्यांनी बांबू लावून लादलेल्या मालाची जमिनीपासून उंची मोजली. मग माझ्या कॅरियरवर लोखंडी स्टँड ठोकून त्यावर ती छडी बसवली आणि टोकाला हातभर प्लास्टिकची नळी चढवली, तार लागली तर करंट खाली उतरू नये म्हणून. नळीचं टोक मालाच्या माथ्यापेक्षा बरोबर हातभर वर. मग दोन खांबांना दोरी बांधली आणि मला खालून जीप न्यायला लावली. टोक दोरीला लागलं आणि माझ्या डोक्यावरच्या पत्र्यात टक्क असा आवाज आला.

"ऐकलंस? काठी बोलली की तू बोलायचं. तू बोललास की मी थांबणार. मधे कुणी विचार करायचा नाही." मग ट्रेलरकडं बघून म्हणाले, "वर यसू असतो."

यसू म्हणजे माझा मामेभाऊ, आणि मामाचीच पोरगी केल्यामुळं मेव्हणाही. ट्रेलरवरच्या मालाच्या माथ्यावर तो बसायचा, हातात सुका बांबू, बांबूच्या टोकाला बेचकं. गावातनं जाताना घरावर गेलेल्या लाइटच्या तारा आडव्या यायच्या, त्या त्यानं बेचक्यात धरून उचलायच्या, माल खालून सरकला की सोडायच्या. काम सांगायला सोपं. पण यसूचा बाप, माझा मामा, विजेच्या लाइनवरच शॉक लागून गेलेला. खांबावर चढला तेव्हा खालून सांगितलं होतं, लाइन बंद आहे. बंद नव्हती. तेव्हापासून मामी घरातलं बटणसुद्धा दाबायची नाही, शेजारणीला हाक मारायची. आणि पोरानं काम धरलं ते तारा उचलायचं! तिनं मला वर्षभर धड पाणी विचारलं नव्हतं, कारण त्याला कामाला लावणारा मीच.

तर त्या सालचा शेवटचा तुकडा आम्ही चैत्रात वर न्यायला निघालो. वाट सोनाळवाडीतनंच, म्हणजे मामीच्याच गावातनं. सकाळची वेळ. गावात भैरोबाची जत्रा बसलेली, देवळापुढं काठी उभी केलेली, ढोल चालू. आम्ही वेशीत थांबलो तर मामी रस्त्यात उभी. एका हातात नारळ, बरोबर गुरव, आणि गुरवाच्या हातात देवाचं निशाण. चांगलं दीड-दोन हात लांबीचं भगवं जाड कापड, कडेला जर, खाली घुंगरू.

मामी माझ्याशी बोलली नाही. गुरवालाच म्हणाली, "त्या गाडीच्या काठीला बांध."

आता आमच्याकडची रीत सांगतो. जत्रेत पालखी कधी आपणहून पुढं होत नाही. पुढं काठी चालते, देवाचं निशाण घेऊन, ती वाट मोकळी करते, आणि मागनं पालखी. काठी गेली त्या वाटेवर पालखीला धोका नाही. मामीनं आमची वरात आधीही पाहिली होती: पुढं माझी जीप, जीपवर डुलणारी उंच काठी, मागं हळूहळू येणारा तो प्रचंड माल आणि त्याच्या माथ्यावर बसलेलं तिचं पोर. तिनं मनात हिशेब केला होता.

गुरव कॅरियरवर चढला आणि छडी वाकवून टोकाच्या खाली निशाण आवळून बांधलं. सोडल्यावर छडी वर गेली, पण पहिल्यासारखी नाही. कणीस भरलं की ज्वारीचं ताट मान टाकतं, तशी पुढं झुकून राहिली. म्हटलं, पुढच्या वळणावर थांबू, निशाण काढून सीटवर नीट घडी करून ठेवू, देव काही रागवायचा नाही.

तेवढ्यात दार उघडून मामी माझ्या शेजारी येऊन बसली.

"वर ठिकाणापतूर येनार मी," ती समोर बघत म्हणाली.

सासू शेजारी, देव डोक्यावर आणि मेव्हणा मागं. अशी माझी कोंडी आजवर कधी झाली नव्हती. यसू वरून ओरडून विचारत होता, आई कुठं निघालीस, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. मी गियर टाकला.

निघालो तसा वारा निशाणात भरला. छडी आणखी वाकली, आता मागच्या बाजूला. आरशात मला निशाणाचं फडफडणं तेवढं दिसत होतं, टोक दिसतच नव्हतं. माझा सगळा जीव कानात येऊन बसला होता. गावाच्या टोकाला पिठाची गिरणी, तिथं रस्त्यावरनं एक तार गेलेली, दर खेपेला तिथं टक्क व्हायचं. मी ती तार येताना बघितली, खालून गेलो, आणि पत्र्यात काही वाजलं नाही. नुसतं घुंगरू वाजलं.

मी मनाला म्हटलं, तार वर ओढून घेतली असंल कुणीतरी.

सेट खरखरला. इस्माईलभाईंचा आवाज, नेहमीपेक्षा खालचा.

"सर्जा, काठी का बोलली नाही?"

मी माइककडं हात नेला.

"यसूच्या छातीला तार लागली. आडवा पडला म्हणून बरं. घरगुती होती, वरनं रबर होतं. थांब तिथंच."

मामीनं हे सगळं ऐकलं. सेट समोरच होता, तिला ऐकू न येण्यासारखं काही नव्हतंच. तिचे हात मांडीवर होते, ते तिनं पदरात गुंडाळून घेतले.

मी जीप कडेला घेतली, उतरलो, तिच्या बाजूला गेलो आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोललो. म्हटलं, मामी, या काठीचं काम तारेला लागायचं आहे. निशाणाच्या वजनानं ती वाकते, वाऱ्यानं आणखी वाकते, आणि तार चुकवून खालनं जाते. मागचा माल काही वाकत नाही.

"हे निशाण हाय तवर काठी मुकी हाय," मी म्हणालो.

तिनं खिडकीतनं डोकं काढून वर निशाणाकडं बघितलं. मग म्हणाली, "उभं केल्यालं निशाण ठिकाणावर गेल्याबिगर खाली घेत न्हाईत. एकदा मधीच उतरीवलं हुतं, त्या साली काय झालं ते तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. ज्या जत्रेत पावसाची सर आली म्हणून निशाण मधेच उतरवलं, त्याच साली मामा गेला. मी हात लावला असता तर ते निघालं असतं, गाठीच तर होत्या. पण पुढं यसूला नखाएवढं काही झालं असतं तरी आयुष्यभर त्या दोन्ही गोष्टी तिनं एकत्र बांधल्या असत्या, आणि माझ्या गळ्यात. आणि पुढं काय होतं, तर खिंडीतली मोठी लाइन. ती घरगुती नाही. लागली तर आडवं पडायलाही वेळ देत नाही. तिथं लाइनमन उभा राहणार होता, लाइन बंद करून घेतो म्हणाला होता.

तोवर इस्माईलभाई मागनं चालत आले. त्यांनी आधी निशाणाकडं बघितलं, मग वाकलेल्या छडीकडं, मग मामीकडं. मला वाटलं आता हे चिडणार. ते जीपच्या दाराशी उभे राहिले आणि अगदी घरातल्यासारखं विचारलं, "भाभी, पालखीपुढं तुमच्यात निशाण कोण धरतं?"

"मानकरी धरतो," मामी म्हणाली.

"आमच्या उरसात पण माणूसच धरतो. लोखंडाच्या हातात कुणी देत नाही. हे खाली नका घेऊ. ह्या गाडीच्या हातनं काढून माणसाच्या हातात द्या, म्हणजे चालत राहील."

मामीनं त्यांच्याकडं बघितलं. "मानकरी हितं कुठनं आनू?"

"इथं आता दुसरं कोण आहे, भाभी?"

विधवा बाईनं देवाच्या निशाणाला हात लावायचा नाही, अशी वाडीची रीत. म्हणून तर तिनं ते गुरवाच्या हातून बांधून घेतलं होतं. इस्माईलभाईंना ते ठाऊक होतं का, मला माहीत नाही. मामीला मात्र चांगलंच ठाऊक होतं. मागं यसू मालावर उभा राहून इकडंच बघत होता, एक हात छातीवर तसाच धरून. तिनं ते बघितलं आणि उतरली. मी कॅरियरवर चढून गाठी सोडल्या. निशाण खाली उतरू दिलं नाही. वरूनच मी ते तिच्या हातातल्या बांबूवर सरकवलं. बांबू यसूचाच, जादाचा. छडी सटकन सरळ झाली आणि नळीचं टोक आभाळात थरथरत राहिलं.

मग आम्ही निघालो ते मामीच्या चालीनं. पुढं मामी, डोईवर पदर, दोन्ही हातांत निशाणाची काठी. मागं पहिल्या गियरमधे माझी जीप, तिच्या मागं खालच्या आवाजात घुमत येणारा ट्रेलर. रानात काम करणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. एकीनं तिथनंच हात जोडले. वरच्या पत्र्याकडं कान लावून मी स्टिअरिंग धरून बसलो होतो.

खिंडीच्या अलीकडं लाइनमनची मोटारसायकल दिसली. तो आंब्याच्या सावलीत उभा. मी जवळ जाताच हात हलवून म्हणाला, "चला, चला, बंद हाय." मामी त्याच्यापुढनं गेली. तिची पावलं क्षणभर अडखळली, मला दिसलं. मग चालू लागली.

तीन तारा रस्ता ओलांडून गेल्या होत्या. तारांखाली येईपर्यंत मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मग दिसलं, की डाव्या हाताचा खांब कलला आहे, आणि त्या बाजूची तार झोळीसारखी खाली आली आहे.

टक्क.

एवढासा आवाज. मी तारेपलीकडं जीप उभी केली, माइक उचलला आणि म्हणालो, थांबा. पुन्हा म्हणालो, काठी बोलली, थांबा. सेटमधनं नुसती खरखर. आरशात ट्रेलरचं थोबाड वळणावरनं वर येतच होतं. चढ होता, इंजिन सगळ्या ताकदीनं ओरडत होतं, त्या आवाजात माझं बोलणं कुठं ऐकू जाणार! आणि माथ्यावर यसू उठून उभा राहिला होता. लाइन बंद म्हटल्यावर त्याला काय, तार दिसली तर तो हातानंच उचलणार. मी जीपचा हॉर्न दाबून धरला. यसूनं हसून हात वर केला. त्याला वाटलं, पुढं ये म्हणून सांगतोय.

निशाण एका हातात तसंच उभं धरून मामी खिडकीशी आली आणि दुसऱ्या हातानं तिनं माइक माझ्या हातातनं घेतला. घरातलं बटण न दाबणारी बाई. मी ज्या ठिकाणी बोट ठेवत होतो तिथंच तिनं अंगठा दाबला.

"माझ्या लेकराला थांबीव," ती म्हणाली. ओरडली नाही.

ट्रेलर थांबला. तारेपासून चार-पाच पावलांवर. इस्माईलभाई नंतर म्हणाले, सर्जाचा आवाज दिवसभर कानात असतो, त्याची सवय झालेली. बाईचा आवाज आला आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला.

यसू खाली आला नाही, वरच बसला. इस्माईलभाई उतरून लाइनमनला म्हणाले, साखळी टाक. ही लोखंडी साखळी जमिनीत खुंटी ठोकून तिला जोडायची आणि दुसरं टोक तारांवर फेकायचं. लाइन चुकून चालू असली तर करंट जमिनीत उतरतो आणि लाइन तिथंच बंद पडते. लाइनमनच्या तोंडावर कंटाळा आला. बंद आहे म्हणून मी स्वतः विचारून आलोय, तो म्हणाला, साखळी पेटीत आहे, कशाला उगीच वेळ. इस्माईलभाई काही बोलायच्या आत मामी पुढं झाली.

"टाक," ती म्हणाली.

तिच्या तोंडाकडं बघून त्यानं पेटी उघडली. खुंटी ठोकली, आम्हाला लांब सरकायला सांगितलं आणि साखळी वर फेकली.

डोळ्यांपुढं पांढरं झालं. आवाज असा झाला, की खिंडीतली सगळी पाखरं उठली. नंतर जळका वास, आणि साखळी तारांवर हलत लोंबकळत राहिली. लाइनमन मटकन खाली बसला. कुणी कुठं चुकीचं बटण ओढलं, की निरोपच चुकला, ते मला आजही ठाऊक नाही. इस्माईलभाईंनी त्याला पाणी दिलं. यसू माथ्यावर दोन्ही गुडघे छातीशी घेऊन बसला होता, त्याचा बांबू खाली रस्त्यावर पडला होता. मी जीपच्या चाकाला टेकून उभा राहिलो.

मग लाइनमन स्वतः जाऊन खात्री करून आला, तारा दोरानं वर ओढून घेतल्या, माल खालून सरकला. या सगळ्याला दुपार झाली. मामी तेवढा वेळ आंब्याखाली निशाण उभं धरून बसून होती. यसूनं घ्यायला हात पुढं केला तर दिलं नाही.

निघायच्या वेळी लाइनमननं साखळी काढून रस्त्याकडेला टाकली. मामी उठली, तिच्यापाशी गेली. निशाण खांद्याला टेकवून खाली वाकली आणि ती साखळी हातात घेतली. वजन बघितल्यासारखी थोडी वर-खाली केली. म्हशीच्या साखळीपेक्षा जड नव्हती.

"ही एवढीच का?" तिनं विचारलं.

"एवढीच, मावशी," लाइनमन म्हणाला.

"कायम गाडीवर असती?"

"कायम. आमच्या आधीच्या लोकांपास्नं. प्रत्येकाकडं असती."

मामी त्या साखळीकडं बघत राहिली.

"मंग त्या दिवशी बी असंल," ती म्हणाली.

कुठल्या दिवशी ते त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. यसू जवळच उभा होता, त्याला कळलं. इतकी वर्षं तिनं देवाचं उतरवलेलं निशाण मनात धरलं होतं, त्या पावसाच्या सरीला बोल लावला होता. आणि गोष्ट एवढीशी होती, मामा खांबावर चढला तेव्हाही पेटीतच पडलेली.

तिनं साखळी स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली, झाकण लावलं. मग निशाण दोन्ही हातांनी सरळ केलं आणि मला म्हणाली, "चल सर्जा. उनं वाढाय लागली."

ती चालू लागली. मी जीप पहिल्या गियरमधे टाकली आणि मागं कळवलं, निघालो.